गोधडीचा मधला टाका

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो आणि चामोर्शीच्या घरात नुसतं बसून राहणं मला जमेना. बायको वर्षानुवर्षं मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवत आलेली. पण आता तिचे गुडघे दुखतात, पायडल मारवत नाही. यंदा थंडीच्या तोंडाशी तिनं आपल्या जुन्या सुती साड्या आणि माझे खाकी शर्ट जमिनीवर पसरले.

"दोघाईले पुरन अशी मोठी गोधडी करू. कापाचं काम माह्यं, मशीन तुमी चालवा."

"मले कुठी येते?"

"काऊन? जिंदगीभर चालत्या गाडीत उभे राह्यले. पाय मजबूत हायेत तुमचे."

दोन दिवसांत मला सरळ शिवण जमली आणि मला पार चेव चढला. सकाळी चहाच्या आधीच मशीनवर! खाकीची एक पट्टी, साडीची एक पट्टी, अशा लांब पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. मग त्या आडव्या कापल्या की चौकटींच्या माळा तयार होणार होत्या. टाका लहानमोठा करायचा दांडा मशीनच्या उजव्या अंगाला आहे, पण त्याच्या शेजारचे आकडे कधीच पुसून गेलेत. मला घाई. मी दांडा तळाला नेला. लांब लांब टाके पडू लागले आणि पट्ट्या सरासर जोडून झाल्या.

बायकोनं कात्री घेऊन त्या आडव्या कापल्या. कापल्या तिथे धागा तुटला आणि एकेक जोड टोकाकडून उसवत गेला.

"पायलं? हा त नुसता कच्चा टाका झाला जी. बारीक करा."

मी इतका बारीक केला की टाके डोळ्यांना दिसेनात. आता जोड हलेना. पण त्या भरात मी एक तुकडा उलटा जोडून बसलो. तो उसवायला गेलो तर टाक्याखाली सुई शिरेना. जरा ओढलं, तर साडी भोकांच्या रांगेवरून फाटली, बुकातून तिकीट फाडावं तशी! माझा चेहरा पडला. बायको मात्र हसली. चिंध्यांची टोपली तिनं माझ्यासमोर ठेवली.

"आता यावरच शिवून पाहा. साडी खाऊ नका माही."

मग सुरू झाला आमचा खेळ. दांडा केसभर सरकवायचा, चिंध्यांचा जोड शिवायचा, मधोमध कापायचा. ती एका बाजूनं ओढणार, मी दुसऱ्या बाजूनं. एक जोड फाकला. एक आखडून चुरगळला. दार उघडं होतं. उजेडात धरून आम्ही प्रत्येक शिवण न्याहाळत होतो. जेवणाची वेळ टळून गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि मग तो जोड आला. कापला तरी टोक सुटेना. ओढला तरी फट दिसेना. सुई घातली, तर टाक्याखाली अलगद शिरली.

"हाच! हाच थो!" मी ओरडलो.

"हालू नका!" म्हणत तिनं लाल नखपॉलिश आणलं आणि दांड्याच्या शेजारी ठिपका दिला.

त्यानंतर काय विचारता! दिवस उजाडायची मी वाट पाहायचो. जोडणी संपली, तेव्हा वरचा पदर घरभर पसरला. खाली जुनी धोतरं घालून बायकोनं तो हातानं, धावदोऱ्यानं टाचला.

गोधडी अंगणात उन्हाला टाकली, तशी शेजारची बाई फाटकातच थांबली. कोपरा उलटून तिनं जोड पाहिले, बोटांनी ताणून पाहिले.

"बाई, मलेबी एक करून देसान का?"

"यायले विचारा," बायको माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "मशीन यायनंच चालवली."

मी उत्तर द्यायलासुद्धा थांबलो नाही. आत जाऊन कपाट उघडलं आणि शर्ट बाहेर काढू लागलो.

"अजी, थे घालाचे हायेत!" बायको अंगणातून ओरडली.