साडूंचा सिनेमा

आमच्या साडूंइतका शूटिंगचा नाद असलेला माणूस अख्ख्या कळंब तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. लग्नांचे व्हिडिओ काढून काढून, जगातली कुठलीच गोष्ट पहिल्या दमात नीट होत नाही, अशी त्यांची खात्रीच झाली आहे. दिवाळीला त्यांच्या घरी गेलो, तर दारातच हात आडवा. "पावणं, लई पडल्या तोंडानं आलात. परत फिरा, हसत या." तीनदा उंबरा ओलांडला तेव्हा कुठं चहा मिळाला. सख्ख्या आत्याच्या मयतीत तर त्यांनी तिच्या रडणाऱ्या यजमानांना हलकेच खांद्याला धरून उजेडाकडं वळवलं होतं. यजमान वळलेही.

मधली दोन वर्षं मात्र वाईट गेली. मोटारसायकलवरून पडून कंबर दुखावली, दुखणं थांबवायला अफूच्या जातीच्या गोळ्या मिळाल्या. कंबर बरी झाली, गोळ्या काही सुटेनात. ऐन सप्तपदीला ते कॅमेऱ्यामागं उभ्याउभ्या पेंगायचे. शेवटी अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, त्यांना लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं.

परतले ते डोक्यात सिनेमा घेऊनच. "दारू लोकांना कळती, पावणं. गोळी कुणाला व्यसन वाटतच न्हाय. हे दाखवायला पायजे."

व्यसनी माणसाचं काम निवृत्त पीटी मास्तरांना मिळालं. गोळीसाठी तळमळतानाही मास्तर सावधानमध्ये उभे! मी डॉक्टर. माझ्या एकुलत्या एक वाक्याचे अकरा टेक झाले, मग साडूंनी वाक्यच काढून टाकलं आणि मला नुसती मान हलवायला लावली.

बायकोचं काम अक्कांकडं. पिठाच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडतात आणि ती हंबरडा फोडते, असं साडूंनी लिहिलं होतं. अक्कांनी डब्यात हात घातला, पाकीट काढलं, पाहिलं, बाजूला ठेवलं आणि पीठ मळायला घेतलं.

"अगं, रडायचं होतं!" साडू ओरडले.

"त्या दिवशी तरी मी कुठं रडले? तुम्ही आतल्या खोलीत झोपला होतात. पोरं शाळेतनं यायची होती. भाकरी कुणी करायच्या?"

साडूंनी कॅमेरा बंद केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसरा टेक मागितला नाही.

मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना सतरंज्या टांगून भर दुपारी सिनेमा दाखवला. मास्तरांना पाहून लोक पोट धरून हसले. अक्का पीठ मळू लागल्या तेव्हा मात्र कुणी खोकलंसुद्धा नाही. संपल्यावर आडत बाजारातला एक हमाल मागं रेंगाळला. "त्या केंद्राचा पत्ता पायजे हुता. भावासाठी." बोलताना त्याचे हात थरथरत होते.

साडूंनी ते हात पाहिले. "भावाला राहू द्या. उद्या सकाळच्या गाडीनं आपण दोघंच जाऊ."

दुसऱ्या दिवशी मी आणि अक्का त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो. गाडी निघाल्यावर मी विचारलं, "तेव्हा साडूंना तुम्ही एकटीनंच नेलं होतं का?"

"व्हय. हीच गाडी. उतरून पळू नयेत म्हणून खिडकीकडं बसवलं होतं," म्हणत अक्का हसल्या.

मीही हसलो. आमचं घर त्यांच्यापासून चार गल्ल्यांवर आहे. तेव्हाही तिथंच होतं.