गाठ मारलेली फडकी

पाटोद्याजवळच्या आमच्या वस्तीत माझ्या लहानपणी चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली होती, आत कोपऱ्यात चुलीपुरता आडोसा. उपासना संपली की तिथेच जेवण व्हायचं. प्रत्येक घरची बाई भाकरी फडक्यात बांधून आणायची आणि गाठ न सोडता आत आडोशाला ठेवून यायची. आत पाळकांची बायको एकटी असायची. ती सगळी फडकी सोडायची, भाकरी एकाच परातीत मोडायची, वर वरण ओतायची. कुणाच्या फडक्यात काय होतं, हे ती कधी बोलली नाही. माझ्या आईच्या फडक्यात पुष्कळदा दुसरं फडकंच घडी घालून ठेवलेलं असे. निघताना ती गाठ मारायची, ते मी पाहायचो. आणि परातीभोवती बसलो की सगळ्यांसारखा पोटभर जेवायचो.

हे मला ठाऊक होतं, म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

मी शिक्षक झालो, चर्चच्या मंडळीचा पंच झालो. वस्तीत रंगीत टीव्ही आले, पोरं पुण्याला कंपनीत लागली, पत्रे जाऊन फरशीचं चर्च उभं राहिलं. फडकी कधी बंद झाली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. उपासनेचा शेवटचा आशीर्वाद झाला की मोटरसायकलींना किक बसायच्या. पहिल्या ख्रिस्ती लोकांत कुणाचं काही वेगळं नव्हतं, ते घरोघरी एकत्र जेवत, असं एका रविवारी मी कळकळीनं बोललो. लोकांना पटलं. प्रीतिभोजन पुन्हा सुरू करायचं ठरलं. गोंधळ नको म्हणून उपदेशाच्या पुलपिटावरून मीच एकेका घराला पदार्थ नेमून दिला. कुणी मटण, कुणी भात, कुणी गोड.

मागे भिंतीशी एक विधवा बसायची. दिवाळीनंतर माजलगावकडे ऊस तोडायला जायची. त्या वर्षी कंबर धरल्यामुळे घरीच होती. तिच्या नावापाशी येऊन मी अडखळलो आणि म्हणालो, "मावशी, तुम्ही काही आणू नका. तुम्ही नुसत्या या."

"मावशीची मज्जा हाय बुवा," पुढून कुणी म्हणालं, "जावयावानी जेवायचं!"

सगळे हसले, चांगल्या मनानंच. तीही हसली.

जेवणाला ती आली नाही. नंतरच्या रविवारीही नाही. मी तिच्या घरी गेलो.

"कावून येईना मावशी?"

"सलाम, गुर्जी. बसा. कंबर लई दुखती." मग चुलीकडं बघत म्हणाली, "तुमची माय अन् मी संगंच यायचो. दोघींची फडकी हलकीच. पर हातात फडकं ऱ्हायचं."

"मग तसंच आणा. मी स्वतः आत नेऊन ठेवतो."

"आता समद्यांला ठाव हाय की त्यात काय हाय."

पुढच्या वेळी मी सांगून पाहिलं, सगळ्यांनी बांधूनच आणा, आत ठेवा. "गुरुजी, मटण फडक्यात बांधू का?" एकानं विचारलं. पुन्हा हशा झाला. त्यानंतर मी विषय काढला नाही.

प्रीतिभोजन छान चालतं. बाहेरगावचे पाळक येऊन कौतुक करतात, जाताना माझा हात हातात घेतात. मटण उरतं. ती कधी आली नाही. मागच्या भिंतीशी बसणारी आणखी काही घरंही हळूहळू यायची थांबली. त्यांना तर मी 'काही आणू नका' असंही म्हणालो नव्हतो.