गालावरचे तीन ठिपके

डॉक्टरच्या खणात दोन गोष्टी न मागता साठतात. एक म्हणजे औषध कंपन्यांची पेनं, दुसरे किस्से. पेनं लोक उचलून नेतात. किस्से कोणी नेत नाही, म्हणून मित्र जमले की मीच एकेक बाहेर काढतो.

मी नागपूरचा प्लास्टिक सर्जन. नव्वदीच्या शेवटी-शेवटी एका मित्राच्या दवाखान्यात बसायला एक शनिवार आड चंद्रपूरला जायचो. भाजलेले हात, फाटलेले ओठ, अस्वलानं ओरबाडलेले चेहरे येतील असा मित्राचा अंदाज होता. ते आलेच. पण त्यांच्या मागोमाग, जरा लाजत, दुसरीच एक रांग लागली. ही माणसं खुर्चीत बसायची, दार लागलंय ना ते बघायची आणि दोन्ही तळहातांनी गाल कानाकडे ओढून म्हणायची, "डॉक्टर, एवढंच. एवढंच वर पाहिजे." हा आमच्या ओपीडीतला नमस्कार!

*

ऊर्जानगरचे, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतले, एक साहेब भर मे महिन्यात नाकापर्यंत मफलर गुंडाळून आले. मे महिना, तोही चंद्रपूरचा! रिटायरमेंट जवळ आली होती, आणि निरोपाच्या फोटोत गालांच्या पिशव्या नको होत्या.

मी त्यांना सगळं समजावलं. कानापुढून चीर घेऊन ती कानामागे न्यायची. नुसती कातडी ओढून भागत नाही, तिच्या खालचा थर उचलून वर बसवावा लागतो, मग उरलेली कातडी कापायची. जबडा आणि मान सुधारते. कपाळ आणि पापण्या हे वेगळं काम. साहेब गंभीरपणे ऐकून बाहेर पडले, तर बाकावर पुढच्या नंबरची बाई तोंडावर पदर घेऊन बसलेली. वसाहतीच्या बसनं आलेली ती त्यांचीच मिसेस!

नंबर देणं आमच्या लताबाईंकडे, म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टरकडे. त्या दोघांनाही ओळखत होत्या. "एकापाठी एकच नंबर देला जी," त्या मला म्हणाल्या. "म्हटलं, जाताना एकाच गाडीवर जातीन."

दोघांना पुन्हा आत बसवलं. मिसेस म्हणाल्या, "आधी ह्यांचं करा." साहेब म्हणाले, "हिचं काही करू नका. मला ती लग्नात होती तशीच दिसते."

मिसेस हसल्या नाहीत. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?" एवढंच त्यांनी विचारलं. ऑपरेशन कोणीच करून घेतलं नाही.

*

त्याच पावसाळ्यानंतर गिरजाबाई आली. मार्कंड्याजवळच्या गावची, चामोर्शीहून एसटीनं. नवरा होता तोवर वैनगंगेत जाळं टाकायचा, आता ही तळ्यातले शिंगाडे काढून बाजारात विकायची. माझ्या टेबलावर तिनं आधी शिंगाड्यांची पिशवी ठेवली आणि मग नमस्कार केला, म्हणजे तोच, गाल कानाकडे ओढून.

"तवाचा चेहरा करून देता काय जी?"

"तवाचा म्हणजे कधीचा?"

"माहा पोरगा गेला तवाचा."

मला वाटलं पोरगा वारला. तसं नव्हतं. मार्कंड्याच्या जत्रेत ही दरवर्षी महाशिवरात्रीला उकडलेली रताळी विकायला बसते. एका वर्षी पोराला राखायला बसवलं, तर तो आकाशपाळण्यापाशी जाऊन उभा राहिला. ही चार माणसांत त्याला बोल बोल बोलली. जत्रा उठली तशी पाळणावाल्यांबरोबर तोही गेला. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं तेव्हा. त्यानंतर ही दर जत्रेला त्याच जागी, त्याच वडाखाली बसते.

"येईन तो," ती म्हणाली. "येईनच. पन मले वळखन कसा? आरशात पाह्यलं तं मीच वळखत नाई."

लताबाई जीभ पाजळायला बसलेल्याच असतात. त्या दिवशी मात्र त्यांनी शिंगाड्यांची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

*

मधेच एक झाडीपट्टीच्या नाटकातला हिरो आला. पंचवीस वर्षं हिरोच! सीझन दिवाळीनंतर, म्हणून गडी होळी झाल्यावर लगेच हजर. जबडा आणि मान वर घ्यायची, टाके केसांत आणि कानामागे लपतील, चार-सहा महिन्यांत सूज, बधिरपणा सगळं जाईल, असं मी सांगितलं. त्याचा एकच प्रश्न. "तिसऱ्या अंकात रडता येईन ना?"

मी म्हटलं, येईल, पण पहिल्या सीझनला चेहरा थोडा ताठ वाटू शकतो.

तो उठलाच. "मंग राहू द्या. आमची पब्लिक मले पाहाले नाई येत, रडाले येते."

त्या वर्षी तो पहिल्यांदा बापाच्या रोलमध्ये उभा राहिला. मी वडस्याला, त्यांच्या नाटक कंपन्यांच्या गावी, मुद्दाम जाऊन पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बायांचे पदर ओले झाले. पडद्यामागे भेटायला गेलो तर मेकअप पुसत म्हणाला, "लोकं म्हनतात, बाप झकास केला. पन हिरोचा कोट अजून ट्रंकेतच हाये डॉक्टर. दर सीझनले उन्हात टाकतो."

*

वर्षभरानं गिरजाबाई पुन्हा आली. मी तिला आरशासमोर बसवलं आणि माझ्या बोटांनी तिचे गाल वर घेतले. खरंच चेहऱ्यावरची दहा वर्षं गेली! ती बघत राहिली, आणि मग एकदम माझा हात धरला.

"ठिपके कुठी गेले?"

तिच्या डाव्या गालावर गोंदणाचे तीन ठिपके होते. लग्नाआधी गोंदणारणीनं काढलेले. गाल वर गेला तसे तेही सरकून कानाकडे गेले होते. मी म्हटलं, कातडी सरकली की गोंदण सरकणारच.

"मंग काय कामाचं? दूध पेताना त्याचं बोट इथीच राहे. झोपला तरी हाले नाई."

एवढी वर्षं कातडी ओढतो आहे, पण ठिपके जागेवर ठेवून चेहरा वर न्या, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ती जायला निघाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही बाई हनुवटी वर करून बोलते. मला तो तिचा तोरा वाटला होता. पापण्यांची कातडी लोंबून डोळ्यांवर आली होती आणि तिला समोरचं नीट दिसतच नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, गालाचं राहू द्या. पापण्यांची जास्तीची कातडी काढतो. जागेपणीच होतं, फक्त तेवढाच भाग बधिर करतो. ठिपके हलत नाहीत. चेहरा मात्र फार बदलणार नाही."

तिनं खूप वेळ विचार केला. मग म्हणाली, "त्यानं नाई वळखलं तरी चालते. मले तो दिसला पाह्यजे."

शिवरात्रीच्या बरंच आधी तिचे टाके निघाले. निघताना दारात थांबून ती रस्त्यावरच्या माणसांची तोंडं बघत उभी राहिली. लताबाईंनी तिला हाताला धरून एसटीत बसवलं.

*

जत्रेनंतरच्या शनिवारी ती आली. मी मुंबईच्या एका कॉन्फरन्सहून नवीन काही शिकून आलो होतो. कातडीखालून दोरे घालून गाल थोडेच उचलायचे, चीर नाही. लताबाईंचं मत पडलं, "म्हंजे साडीले फॉल लावल्यावानी." पण मी खुशीत होतो. दोऱ्यांनी ठिपके जेमतेम हलले असते, आणि मला हे गिरजाबाईला कधी सांगतो असं झालं होतं.

तिनं मला बोलूच दिलं नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दिसला."

लताबाई हातातलं काम टाकून आल्या. "कोन? पोरगा?"

"रताळं घेतलं. साल नाई काढलं, सालासकटच खाल्लं. लहानपनी तसाच खाये."

"तसं तं लई लोकं खातेत, बाई."

"खातेत," गिरजाबाई म्हणाली. "खांद्यावर त्याची पोरगी होती, लहानशी. ते वाकली अन् बोट इथी ठेवलं." तिनं आपल्या गालावरच्या ठिपक्यांना हात लावला.

मी विचारलं, "मग तुम्ही सांगितलं नाही, मी तुझी आई?"

"जत्रेत सांगू? मांगं जत्रेतच बोलली होती त्याले, तं गेला. त्यानं मले नाई वळखलं. म्हने, आजी, पोरगी कोनापाशी जात नाई, तुमच्यापाशी आली. पुढच्या साली आनतो, इथीच बसजा."

माझ्या टेबलावर दोऱ्यांचं नवं पाकीट होतं. मी ते पुढे केलं आणि म्हटलं, "गिरजाबाई, आता हे आलंय. चीर नाही, ठिपके जागेवर राहतात. पुढच्या जत्रेपर्यंत गाल वर घेऊ. तवाचा चेहरा."

तिनं माझा हात हळूच बाजूला केला.

"नोको जी. आता हाच राहू द्या. त्यानं हा पाह्यला."