मावशींच्या हातचा डबा

माझ्या आईचा तो फोटो मी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी काढला. कशाला काढतोस, असं तिनं विचारलं तेव्हा "सहज" म्हणालो. आठवड्याभरात तो आमच्या ॲपवर झळकला. खाली मजकूर: घरचा डबा, मावशींच्या हातचा.

कल्पना वाईट नव्हती. बजाजनगरात खोली करून राहणारी, शिफ्टमध्ये राबणारी माणसं भरपूर. आसपासच्या बायकांनी त्यांच्यासाठी घरी डबे करायचे, आम्ही ते पोचवायचे. पण अशा बायका जमवायला वेळ लागणार होता, आणि माझा पार्टनर, म्हणजे कॉलेजपासूनचा मित्र, भलताच घाईत होता. "आधी एमव्हीपी," तो म्हणायचा. म्हणजे चालण्यापुरतं काहीतरी उभं करायचं, बाजारात सोडायचं आणि लोक घेतात का ते बघायचं. "डबा कुठून येतो याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय? बायका नंतर बघू."

म्हणून आम्ही डबे एका मेसमधून भरायला लागलो. त्या मेसच्या मागच्या दाराची मला आजही किळस येते. कढईत कालचंच काळं तेल, आणि ज्या फडक्यानं ताटं पुसायची त्यानंच ओटा. भाजी घरची वाटावी म्हणून आम्ही दोघे इंजिनिअर वाकून पळीनं वरचा लाल तवंग काढायचो, कोथिंबीर भुरभुरायचो आणि झाकण लावायचो. पार्टनर याला 'प्रॉडक्टमधली सुधारणा' म्हणायचा आणि मी हसायचो. त्या हसण्याची आता मेसपेक्षा जास्त शिसारी येते.

वीस गिऱ्हाइकं झाली. त्यातला एक वैजापूरकडचा, कारखान्यात प्रेस मशीनवर असलेला, तिशीचा मुसलमान माणूस. नुकताच काविळीतून उठलेला. डॉक्टरांनी बाहेरचं खाणं पार बंद केलेलं. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "घरचंच हाय ना, भाऊ? मला बाहीरचं चालत नाय." मी फोनवर आईचा फोटो दाखवला. तोंडानं काही बोललो नाही, म्हणजे खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घातली. किती हलकट समजूत!

त्याचा डबा कधी रिकामा परत यायचा नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवू नये, ही त्याच्या घरची रीत. कधी गुळाचा खडा, कधी चार खजूर. "मावशीला द्या," म्हणायचा. पार्टनरनं त्या खजुरांचा फोटो काढला, पैसे लावणाऱ्यांना दाखवायच्या प्रेझेंटेशनमध्ये घातला आणि खाली लिहिलं: ग्राहकांचं प्रेम. खजूर आम्ही दोघांनी तिथंच उभ्या उभ्या खाल्ले.

तिसऱ्या आठवड्यात त्याची कावीळ उलटली. त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं फोन करून सांगितलं. दवाखान्यात निघालो तर पार्टनर म्हणाला, "जा, पण आधी बघ, त्यानं ॲपवर काही वाईटसाईट लिहिलंय का." त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही; फोन उघडून बघितलं. काही लिहिलं नव्हतं, आणि मला हायसं वाटलं.

वॉर्डात तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. वळला तेव्हा डोळे पार पिवळे. जिना चढताना मी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं: मावशी नाहीत, मेस आहे, फोटो माझ्या आईचा. स्टूल ओढून बसलो. पण माझ्या आधी तोच बोलला.

"भाऊ, मावशीला नका सांगू हां. तिला वाटंल, तिच्या हातच्यानं झालं. मीच कुठंतरी बाहीरचं काही खाल्लं असंल. लई माया हाय तिच्या हाताला."

"नाय सांगत," मी म्हणालो.

खाली पार्किंगमध्ये येऊन मी ॲपवरून त्याचा डबा बंद केला. उरलेले एकोणीस डबे दुसऱ्या दिवशी मीच पोचवले.