अमेरिकेची आमदार सिंगापुरात

सिंगापूरचा विमानतळ इतका चकचकीत, की चपला हातात घेऊन चालावं असं वाटलं. पण मी आले होते सुमाताईला भेटायला. ही माझी मावसबहीण. लग्न करून अमेरिकेत गेली, शाळेत गणित शिकवू लागली आणि शाळेसमोर सिग्नल हवा म्हणून भांडता भांडता थेट तिथल्या राज्याच्या विधानसभेत पोचली. दोनदा निवडून आली. तिसऱ्यांदा आपटली, आणि तेव्हापासून इथे सिंगापुरात, सेम्बावांगला मुलाच्या फ्लॅटमध्ये तोंड मिटून बसली होती. पुन्हा उभी राहणार का, हे पक्षाला रविवारपर्यंत कळवायचं होतं.

"नाही म्हणून कळवणार. लोकांना मी नकोय गं," ती म्हणाली. एवढी बोलघेवडी बाई, पण पुढे विषयच काढू देईना.

शनिवारी तिला ओढतच हॉकर सेंटरला (एका छपराखाली थाटलेले खाण्याचे गाळे) नेलं. लक्सा (नारळाच्या दुधातल्या झणझणीत रश्शातल्या शेवया) घेतला. गर्दी तुडुंब. एकच टेबल रिकामं, त्यावर टिश्यूचं पाकीट.

"कुणीतरी विसरलं वाटतं," म्हणत ताईने ते उचललं आणि मालक शोधत टेबलाटेबलाशी फिरू लागली. इथे पाकीट ठेवणं म्हणजे जागा धरणं, आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसं. रुमाल टाकण्यात हयात गेलेल्या आम्हां दोघींना हे सुचू नये!

तेवढ्यात त्या टेबलावर एक कुटुंब बसलं, आणि वाफाळता ट्रे घेऊन पाकिटवाल्या चिनी आजी आल्या. "माझी जागा आहे लाह!" (लाह म्हणजे तिथलं 'बरं का'.) कुटुंब हलेना.

"चूक माझी आहे," ताई मध्ये पडली. आजींची माफी मागितली, कुटुंबाला गोड बोलून सरकवलं, आजींना बसवलं. कडेला आम्हीही टेकलो. मग काय! आजींनी बंद पडणाऱ्या लिफ्टचं गाऱ्हाणं सुरू केलं आणि ताई विचारू लागली, "कितव्या मजल्यावर राहता? कुणाला सांगितलंत?" लक्सा गार झाला तरी तिला भान नव्हतं.

आजींनी कामधंदा विचारला. ताईने सगळं सांगितलं, हरल्याचंसुद्धा.

"मग तुझ्या लोकांचं आता कोण ऐकतं?" आजी म्हणाल्या.

ताईने गार झालेला लक्सा संपवला. परतताना एमआरटीत (तिथली मेट्रो) तिने फोन काढला आणि पक्षाला कळवलं, उभी राहतेय. मला आनंदाने रडूच फुटलं. शेजारचा प्रवासी दचकून उठला.

पुण्यात सगळे विचारतात, सिंगापूरला काय पाहिलंस? बागा, असं सांगून मोकळी होते. ताई निवडून येईल का, देव जाणे. काल तिचा अमेरिकेतून फोन आला. प्रचाराच्या पहिल्याच घरी दार तोंडावर आपटलं म्हणे. मी काही धीराचं बोलणार, तोच तिकडून घंटीचा आवाज आला आणि ती घाईघाईने म्हणाली, "ठेवते गं, दुसऱ्या घरी दार उघडलं."