किडनीचा बांगडा

दादा गेल्यापासून जो घरी येतो तो रडायला येतो, आणि दादाचा एक किस्सा सांगून हसून जातो. असे किस्से साचत चाललेत. मी हसू की रडू, तेच कळत नाही. आठवतात तसे सांगतो.

*

दादाला माझी किडनी बसवली. मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या हाडातला मगजही थोडा काढून त्याला दिला. म्हणाले, "शरीर परक्याला नाकारतं. तुमच्या शरीराला भावाची ओळख पटली, तर ते नाकारणं रोखणाऱ्या गोळ्या हळूहळू बंद करता येतील. सगळ्यांचं जमतंच असं नाही."

दादा म्हणाला, "मला याची चांगली ओळख आहे डॉक्टर. भीती तीच आहे."

*

गावात देवाला गाऱ्हाणं घातलं. गावकार म्हणाले, "बा देवा म्हाराजा, धाकट्याची किडनी थोरल्याक परकी वाटूक नको."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मागून कोणीतरी ओरडलं, "धाकट्याचा डोक्या तेवढा थोरल्यात जावक नको!"

"व्हय म्हाराजा!" त्यात आईचाही आवाज होता.

*

शेवटी सगळ्या गोळ्या बंद झाल्या. दादा ठणठणीत. आईचा मात्र विश्वास बसेना. गोळीच्या वेळेचा अलार्म तिनं चालूच ठेवला. तो वाजला की दादाच्या हातावर गुळाचा खडा.

"ह्या कित्या गो?" दादानं विचारलं.

"गोळी बंद झाली ह्या किडनीक कळाक नको."

*

आम्ही देवबागला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतो. वाळूवर मासळीचे वाटे मांडतात. दादाला जड ओढायची बंदी, तो दोर गुंडाळायचा, तरी त्याला पुरा वाटा. आमचे म्होरके बाबलकाका रोज त्याच्या वाट्यातला एक बांगडा उचलून माझ्या वाट्यात टाकायचे.

"राबता ह्येची किडनी आणि वाटो तुजो?"

दादा रोज भांडायचा. बांगडा रोज जायचा.

*

दादा हार्ट अटॅकनं गेला. डॉक्टर म्हणाले, "किडनी शेवटपर्यंत उत्तम होती."

"मग माणूस कसो बंद पडलो?" मी त्यांच्या अंगावर धावलो. लोकांनी मला धरलं.

सुतक मी भाऊ म्हणून पाळलं. त्यात थोडं माझं स्वतःचंही होतं का, हे भटजींनाही सांगता आलं नाही.

*

काल सुतकानंतर पहिल्यांदा रापणीवर गेलो. बाबलकाकांनी वाटे मांडले. सवयीनं दादाचाही मांडला.

काका त्या वाट्याकडे बघत उभे राहिले. मग वाकले, त्यातला एक बांगडा उचलला आणि माझ्या वाट्यात ठेवला.