साहेबाला बॉल भरवणारा हात

माझा हात कापायचा तो म्हातारपणानं, असं मुलगा समजायचा. डॉक्टरही तेच म्हणाला. दोघांनाही टेनिस कळत नाही. हात फक्त मॅचमध्ये कापायचा, आणि तेही समोर साहेब असले तरच. घरी भरलेली कपबशी मी न सांडता उचलायचो.

गाव आमचं पळसदेव. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत अधिकाऱ्यांचा क्लब होता. तिथल्या मातीच्या टेनिस कोर्टावर पाणी मारायला आणि माती दाबायचा लोखंडी रूळ ओढायला मी लागलो. हळूहळू हातात रॅकेट आली. साहेबांना जोडीदार मिळाला नाही की मला समोर उभं करायचे. अशा माणसाला क्लबात मार्कर म्हणतात. मार्करनं जिंकायचं नसतं. साहेबाच्या रॅकेटवर, कमरेच्या उंचीला, अलगद बॉल द्यायचा. साहेबाला घाम यावा, धाप लागू नये. घरी जाताना त्याला वाटलं पाहिजे की आज आपण झकास खेळलो. माझी सगळी नोकरी यात गेली. नाव कुणी घेतलं नाही. "मार्कर, चल." बस्स.

बायको आमच्या रानातली भाजी कॉलनीत विकायची. संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन कोर्टाच्या कडेला रुळावर बसून राहायची, मी सुटेपर्यंत. साहेबांचा चहाही तीच करायची. बघून बघून तिला खेळ कळायला लागला.

मी निवृत्त झाल्यावर बारामतीच्या एका क्लबानं म्हाताऱ्यांची दरवर्षीची स्पर्धा सुरू केली. बायकोनं मला नाव द्यायला लावलं. "आवं, आता काय नोकरी जाती का? येकदा सोतासाठी खेळा की."

पहिल्याच मॅचला समोर कोण, तर जन्मभर ज्यांना खेळवलं तेच साहेब. बारामतीतच जळोचीला बंगला बांधून राहिलेले. "अरे मार्कर, तू!" म्हणून त्यांनी मिठी मारली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि मी हरलो, कोपऱ्यातल्या रुळावर बसून बघणाऱ्या बायकोच्या देखत. साहेब दमले होते. गुडघ्याला पट्टा बांधून एका कोपऱ्यात उभे. दुसरा कोपरा खुरपून ठेवलेल्या वाफ्यासारखा मोकळा. बॉल तिकडं टाकला की झालं. पण तोंडाला कोरड पडली, बोटं गार झाली, आणि हातानं बॉल नेऊन दिला साहेबांच्या रॅकेटवर. कमरेच्या उंचीला. दर वेळी.

येताना एसटीनं निघालो. भिगवणला उतरून मच्छीच्या हाटेलात बसलो. मला जवळचे बारीक काटे दिसत नाहीत, म्हणून ती माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढत बसली. काढता काढता म्हणाली,

"हरला त्येचं काय न्हाय. लोकं हरत्यात. पर तुमी त्येला भरवलं."

"काय भरवलं?"

"बॉल. ल्हान पोराला घास भरवावा तसा. त्यो आ करतोय, आन् तुमी घालताय."

"अगं, हाताला वळणच तसं पडलंय. आता मी काय करू?"

"मला कदी भरवलं न्हाय त्या हातानं. आन् सायबाला भरवतोय!" मग स्वतःच हसली. "खावा आता, गार हुतंय. पुढच्या खेपंला येक तरी बॉल त्येच्यापासनं लांब मारा. मला बघायचाय."

पुढची खेप यायच्या आत ती गेली. पोटात गाठ निघाली. शेवटी शेवटी पातळ भात मी तिला चमच्यानं भरवायचो. दोन घास झाले की तोंड फिरवायची. हे मला लिहायचं नव्हतं.

दहाव्याला साहेब गाडी घेऊन आले. हात जोडले आणि म्हणाले, "बाई चहा फार छान करायची." इतक्या वर्षांत तिचं त्यांना एवढंच आठवलं. जाता जाता म्हणाले, "स्पर्धेला ये रे, मार्कर. मन रमेल." मन म्हणजे काय तान्हं पोर आहे, खुळखुळा वाजवला की रमायला?

माणूस दुःखात असला की ज्याला त्याला शहाणपण सुचतं. मुलगा म्हणाला, "आबा, जावा तुमी. हितं बसून भिंतीच बघताय." बारामतीच्या क्लबातला कोच, नातू शोभेल एवढा, म्हणाला, "काका, टेन्शन घ्यायचं नाही. डोळे मिटून लांब श्वास घ्या आणि समोर कोण आहे ते विसरून जा." ज्याच्यापुढं अर्धा जन्म वाकलो तो समोर उभा, आणि म्हणे विसरून जा. तरी श्वास घेऊन बघितले. छाती फुगली, हात तसाच.

मी गेलो ते मन रमवायला नाही. तिनं एक बॉल मागितला होता, तो द्यायचा राहिला होता.

खेळणारे म्हातारे मूठभर, त्यामुळं साहेब समोर येणारच होते. दुसऱ्या मॅचला आले. आमच्या वयाला एकच सेट ठेवतात. पाच-पाच गेम झाले, आणि माझं सगळं जुनं सुरू झालं. कोरड, गार बोटं, कमरेच्या उंचीचा बॉल. साहेब खुशीत. "व्वा मार्कर, व्वा!"

साहेबांच्या मागं, डाव्या कोपऱ्यात, या क्लबाचा लोखंडी रूळ पडलेला असतो. मागच्या खेपेला ती त्यावरच बसली होती. आज तिथं कुणीतरी आपली पिशवी ठेवली होती. मला त्या पिशवीचाच राग आला. वाटलं, हाताला द्यायचंच ठाऊक आहे, मारायला तो शिकलाच नाही. असू दे. पण साहेबालाच कशाला? तिला देतो.

साहेबांकडं बघितलंच नाही. रुळाकडं बघितलं आणि बॉल तिकडं दिला. लाइनच्या आत पडून तो थेट रुळावर जाऊन आदळला. साहेब जागचे हलले नाहीत. त्यांनी बॉलकडं बघितलंही नाही, माझ्याकडं बघितलं. जेवायला बसलेल्या माणसापुढचं ताट उचललं की तो जसा बघेल, तसं.

तो गेम मी घेतला. मग बाजू बदलली आणि रूळ माझ्या पाठीमागं आला. समोर नुसते साहेब आणि कुंपणाची जाळी. पहिला बॉल पुन्हा कमरेच्या उंचीला. पण ती पाठीमागं बसलीय म्हटल्यावर साहेबाला भरवायची लाज वाटायला लागली. जिथं साहेब नाहीत तिथं देत गेलो. दोन बॉल नेटमध्ये गेले, एक कोर्टाबाहेर. हात शेवटपर्यंत कापत होता. कापत्या हातानंच सेट जिंकला.

साहेब नेटपाशी आले. धापा टाकत हात पुढं केला. "छान खेळवलंस रे, मार्कर."

जन्मभर यावर मी "थँक्यू, साहेब" म्हणत आलो.

"खेळवलं न्हाय, सायब. हरवलं."

साहेब हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली. माझ्या खांद्यावर थोपटून ते बाकावर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. ज्याला हरवलं त्यालाच ते कळलं नाही. ज्या बाईला कळलं असतं तिला जाळून मी मोकळा झालेलो. पुढची मॅच एका अनोळखी माणसाशी होती. तिथं हात जरासुद्धा कापला नाही, आणि मी सरळ हरलो.

येताना भिगवणला उतरलो. उतरायला नको होतं. हाटेलवाल्यानं ओळखून विचारलं, "आबा, दोन ताटं ना?"

"येकच," म्हटलं.

ताट आलं. ते उजेडाकडं ओढून मी काटे काढत बसलो. समोर कुणी साहेब नव्हता, तरी हात कापत होता. मासा गार झाला. निम्मा तसाच ठेवून उठलो.